"मिळाले. मजकूर मान्य नाही." – गैरवर्तनाचा ठपका ठेवून कामावरून काढल्यावर काय करायचं

चार शब्द आधी पाठ करून ठेवा : "मिळाले. मजकूर मान्य नाही." खाली सही, तारीख आणि वेळ. कंपनीकडून येणारा कुठलाही कागद, मग ती शो कॉज म्हणजे खुलासा मागणारी नोटीस असो, चार्जशीट म्हणजे कंपनीचं आरोपपत्र असो, सस्पेन्शनची ऑर्डर असो की थेट बडतर्फीचं पत्र, या चार शब्दांनी घ्यायचा. आणि घ्यायचाच.

मी हे उलट्या बाजूने शिकलो. भोसरीतल्या एका कारखान्यात सुपरवायझरशी माझी बाचाबाची झाली आणि चार दिवसांनी घरी पाकीट आलं. डोकं तापलेलं होतं. पोस्टमनला म्हटलं, घेत नाही, परत न्या. त्याने शांतपणे पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा मारला आणि सायकलला टांग मारली. मला वाटलं, कागदच घेतला नाही तर केस कसली? चौकशीच्या तीन तारखा माझ्याविना पार पडल्या, साक्षीदार बोलून गेले, अहवाल तयार झाला. पुढे लेबर ऑफिसात कंपनीच्या माणसाने ते न फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं आणि तो नुसता हसला. नाकारलेलं पत्र कायद्याच्या नजरेत पोचलेलंच धरतात, हे तेव्हा कळलं. नंतर युनियनच्या ऑफिसात बसून मी दुसऱ्यांच्या चार्जशीट वाचायला लागलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खाली लिहिलंय ते त्या टेबलावरचं आहे. प्रत्येकाची केस वेगळी असते, त्यामुळे वकील लागतोच. पण वकिलाकडे जाईपर्यंतचे जे आठ-दहा दिवस असतात, त्यातच निम्मी केस बनते किंवा बिघडते.

पहिला तास : केबिन, छापील राजीनामा आणि पेन

प्रसंग नेहमी साधारण असाच असतो. शिफ्ट संपायला अर्धा तास असताना एचआरकडून बोलावणं येतं. केबिनमध्ये दोघं-तिघं बसलेले. मोबाईल बाहेर ठेवा म्हणतात. टेबलावर राजीनामा आधीच टाइप केलेला, फक्त सहीची जागा रिकामी, आणि त्यावर पेन तिरकं ठेवलेलं. "बघ, चौकशी लावली तर रेकॉर्ड खराब होईल. पुढे कुणी नोकरी देणार नाही. सही कर, महिन्याचा पगार आत्ता देतो, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो."

सही करू नका. निदान त्या खोलीत तरी नाही. "मला विचार करायला दोन दिवस द्या, घरी बोलतो" एवढं म्हणून उठा. राजीनामा दिला की कंपनीच्या लेखी तुम्ही आपणहून गेलात. मग आरोप कुणी सिद्ध करायचा, चौकशी कुणी करायची, हे प्रश्नच उरत नाहीत. तो दबावाखाली घेतला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, आणि बंद खोलीतल्या गोष्टीला साक्षीदार नसतो.

कबुलीजबाबाचंही तेच. "चूक झाली, माफ करा असं दोन ओळीत लिहून दे, विषय मिटवू" असं सांगणाऱ्याचा हेतू कधीकधी खरंच चांगला असतो. तरी तो कागद पुढे चौकशीत "आरोप मान्य" म्हणून जोडला जातो. काहीतरी लिहून देणं भागच असेल तर जे घडलं तेवढंच लिहा, आणि स्वतःकडे प्रत ठेवा.

दबावाखाली सही होऊन गेली असेल तर? त्याच रात्री, जास्तीत जास्त दुसऱ्या सकाळी, कंपनीला ईमेल करा : आज अमुक वाजता, अमुक लोकांसमोर, अमुक धमकी देऊन माझी सही घेतली, राजीनामा मला मान्य नाही, मी तो मागे घेतो, कामावर हजर व्हायला तयार आहे. महिनाभराने लिहिलेल्या अशा पत्राला कोर्टात फार किंमत राहत नाही. त्याच रात्री लिहिलेल्याला असते.

आणि सिक्युरिटीच्या केबिनमध्ये तासन् तास बसवून ठेवत असतील, जाऊच देत नसतील, तर ११२ लावा. कुणाला असं अडवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर जा. गेटवर अडवलं तर तिथूनच मेसेज किंवा ईमेल करा, "आज सकाळी ६.५० ला गेटवर आलो, आत सोडलं नाही." हे का, तर तोंडी काढलेल्या माणसावर आठवड्याभराने "न सांगता गैरहजर" असा दुसराच आरोप लागतो आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की तिचं आश्चर्य वाटायचंही आता बंद झालंय.

मग घरी बसून कागद गोळा करा : नेमणूकपत्र, कन्फर्मेशन लेटर, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारस्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा यूएएन, ईएसआय कार्ड, बक्षिसं-प्रशस्तिपत्रं, वाढीव पगाराची पत्रं, आधीचे मेमो. मेमो लपवू नका, वकिलाला तर नाहीच. कंपनीचा ईमेल आणि सिस्टिम कुठल्याही क्षणी बंद होते, म्हणून तुमच्या स्वतःच्या नोकरीचे कागद आधीपासून घरी असलेले बरे. पण कंपनीचा गोपनीय डेटा, ग्राहकांच्या याद्या, ड्रॉइंग्ज स्वतःच्या मेलवर पाठवू नका. काढून टाकलेल्या माणसाने रागात केलेली ही चूक त्याच्या विरुद्धची दुसरी, आणि जास्त भक्कम, चार्जशीट ठरते.

एका वहीत तारीखवार लिहून काढा. कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, कॅमेरा कुठे होता. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवावं आणि त्याची प्रत मला द्यावी" असं पत्र पहिल्याच आठवड्यात गेलं पाहिजे. फुटेज दिलं नाही तरी मागितल्याचा पुरावा राहतो. पत्र ईमेलने पाठवा आणि पोस्टानेही. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. खिडकीवर स्पीड पोस्टच मागा आणि पावती वहीत चिकटवा.

आधी ठरवा : कायद्याच्या भाषेत तुम्ही कोण?

सगळ्यांना सगळे कायदे लागू होत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कंपनीच्या लेखी सेवानियमांचा) कायदा हे सगळं औद्योगिक संबंध संहितेत आलं. त्या संहितेतला "कामगार" म्हणजे हाताने, डोक्याने, कारकुनी, तांत्रिक असं कुठलंही काम करणारा. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात बसत नाहीत. देखरेखीचं काम करणारे महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेत असतील तर तेही नाहीत.

इथे बरेच जण स्वतःहून मैदान सोडतात. व्हिजिटिंग कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" छापलंय म्हणून लेबर कोर्ट आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटतं. पण कोर्ट पदाचं नाव बघत नाही, दिवसभर प्रत्यक्षात काय करता ते बघतं. तुमच्या हाताखाली कुणी आहे का? रजा मंजूर करता का? कुणाला मेमो देऊ शकता का? दिवसभर स्वतःच एक्सेल भरत किंवा कोड लिहीत बसत असाल तर कार्डावरच्या "मॅनेजर"ला फारसा अर्थ नाही.

जे खरोखरच मॅनेजर आहेत, त्यांचा मार्ग नेमणूकपत्रातून जातो. खासगी कंपनीत मॅनेजरला परत कामावर घ्या असा हुकूम दिवाणी कोर्ट सहसा देत नाही. भांडण नोटीसपे, थकलेले पैसे आणि नुकसानभरपाईचं उरतं. कटू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं.

खासगी शाळेतल्या शिक्षकांचा आणि शिपाई-कारकुनांचा रस्ता वेगळाच : १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, आणि शाळा न्यायाधिकरणात अपिलाला फक्त ३० दिवस. सरकारी नोकरांना संविधानाचं कलम ३११, १९७९ चे शिस्त व अपील नियम आणि शेवटी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. बाकीचा लेख मुख्यतः कारखाना, दुकान, हॉटेल, आयटी, हॉस्पिटल इथल्या खासगी नोकरदारांसाठी आहे.

चौकशी : इथेच वेळ द्या

गैरवर्तनासाठी काढायचं तर आधी आरोप लेखी द्यायला हवेत, उत्तराला वेळ द्यायला हवा, तटस्थ माणसासमोर चौकशी व्हायला हवी. कारखान्यात हिला सरसकट "डोमेस्टिक" म्हणतात. कायद्याचं सगळं वजन या एका प्रक्रियेवर आहे.

चार्जशीट हातात आली की आधी एकच गोष्ट पाहा : आरोप नेमका आहे का? "आपले वर्तन समाधानकारक नाही, आपण वरिष्ठांशी उद्धट वागता" हा आरोप नव्हे, हा शेरा झाला. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणासमोर केलं आणि नियमातल्या कुठल्या कलमाखाली, हे हवं. नसेल तर उत्तरात पहिल्या परिच्छेदात तेच लिहा, आणि कागदपत्रं मागा : मूळ तक्रार, साक्षीदारांची नावं, फुटेज, हजेरीचं रजिस्टर, लागू असलेल्या स्थायी आदेशांची प्रत. आरोपांना एकेक करून उत्तर द्या. ज्याला उत्तर दिलं नाही तो मान्य आहे असा अर्थ काढायला कंपनी टपलेलीच असते. भाषा थंड ठेवा. चार्जशीटच्या उत्तरात मॅनेजरच्या बायको-मुलांपर्यंत पोचलेली पत्रं मी वाचली आहेत. ती नव्या आरोपांसाठीच उपयोगी पडतात.

आता चौकशीची खोली. टेबलाच्या एका टोकाला चौकशी अधिकारी, बहुतेक वेळा बाहेरून आणलेला वकील. त्याची फी कंपनी देते म्हणून तेवढ्यावर चौकशी रद्द होत नाही. पण जो स्वतः तक्रारदार आहे किंवा साक्षीदार आहे तोच अधिकारी म्हणून बसला असेल, तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. बाजूला कंपनीचा प्रतिनिधी, समोर तुम्ही आणि तुमचा सहकारी. सहकारी कामगार प्रतिनिधी म्हणून बरोबर घेण्याची सोय स्थायी आदेशांत असते. मागा, आणि निवडताना सगळ्यात मोठ्या आवाजाचा नको, व्यवस्थित टिपण काढणारा निवडा.

कामकाज कोणत्या भाषेत? इंग्रजीत लिहिलेलं पान समोर सरकवून "कर सही" म्हणतात आणि आपला माणूस करतो. कामकाज मराठीत नोंदवा असं पहिल्याच दिवशी लेखी सांगा. तरी इंग्रजी पान आलंच तर प्रत्येक पानावर सहीच्या वर हाताने लिहा : "मला मराठीत वाचून दाखवले नाही" किंवा "माझे उत्तर पूर्ण लिहिले नाही." मी एका पानावर पाहिलं होतं, कामगार दहा मिनिटं बोलला होता, नोंद होती एका ओळीची : "कर्मचाऱ्याने घटना नाकारली नाही." तो बिचारा इतकंच म्हणाला होता की हो, त्या दिवशी मी तिथे होतो.

साक्षीदाराची तपासणी तुमच्यासमोर झाली पाहिजे आणि उलटतपासणीची संधी तुम्हाला मिळाली पाहिजे. उलटतपासणी म्हणजे सिनेमातली आरडाओरड नव्हे. छोटे प्रश्न : तुम्ही किती फुटांवर होता? मशिन चालू होतं का? तक्रार त्याच दिवशी का दिली नाही? तुम्हाला कुणी लिहून दिली का? आपले साक्षीदार आणायचा हक्कही आहे. कामावर असलेले लोक घाबरून येत नाहीत, हे खरं. पण तुम्ही नावं दिली होती आणि कंपनीने त्यांना ड्युटीवरून सोडलं नाही, ही नोंद तरी करून घ्या.

दोन चुकीच्या समजुती इथेच काढून टाकतो. एक : "माझ्याविरुद्ध पुरावाच नाही." चौकशीत फौजदारी कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं. दोन : "चौकशीच केली नाही, म्हणजे मी जिंकलो." तसंही नाही. चौकशी केली नसेल किंवा ती सदोष ठरली तर कंपनी कोर्टात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने फायरस्टोनच्या खटल्यात १९७३ साली हे मान्य केलंय. म्हणून घटनेबद्दलचे तुमचे पुरावे शेवटपर्यंत जपायचे.

चौकशी संपली की अहवालाची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी आणि शिक्षा ठरवण्याआधी त्यावर बोलण्याची संधीही. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये हे ठरवून दिलं, आणि ते सरकारीइतकंच खासगी आस्थापनांनाही लागू केलं. अहवाल न देता बडतर्फीचं पत्र दिलं असेल तर प्रत लेखी मागा. मात्र अहवाल न मिळाल्याने आपलं काय नुकसान झालं हे पुढे दाखवावं लागतं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर चौकशी अंतर्गत समिती करते आणि २०१३ च्या कायद्याने चालते. समितीच्या शिफारशीवर किंवा अंमलबजावणीवर अपिलाला ९० दिवस. तक्रारदार बाईंना फोन, मेसेज, मध्यस्थ, काहीही करायचं नाही. समजूत काढायला म्हणून गेलेला माणूस दबाव आणायला आला होता असंच लिहिलं जातं, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं.

सस्पेन्ड केलंय, मग पगार?

चौकशी होईपर्यंत सस्पेन्ड ठेवलं तर निर्वाह भत्ता द्यावा लागतो : पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, पुढे ७५ टक्के, जर उशीर तुमच्यामुळे झाला नसेल तर. संहितेप्रमाणे चौकशीही साधारण ९० दिवसांत संपायला हवी. संहितेतले हे नियम ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहेत. लहान ठिकाणी नेमणूकपत्र आणि सेवानियम काय म्हणतात ते पाहायचं.

भत्ता थकला तर दर महिन्याला पत्र द्या, कारण तो नुसत्या पैशांचा प्रश्न नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला भत्ताच दिला नव्हता. चौकशीला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि ती त्याच्या गैरहजेरीत उरकली गेली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी टिकू दिली नाही.

चूक झाली, पण एवढी शिक्षा?

युनियनच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच जणांनी थोडंफार काहीतरी केलेलं असतं. शिवी दिलेली असते, डोळा लागलेला असतो, कार्ड दुसऱ्याने पंच केलेलं असतं. त्यांना वाटतं आता बोलायला तोंड नाही. पण आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा गुन्ह्याच्या मानाने आहे का, हे पाहण्याचा आणि बडतर्फी रद्द करून हलकी शिक्षा देण्याचा अधिकार औद्योगिक न्यायाधिकरणाला आहे.

महाराष्ट्रातली झोपेची दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. कलर-केम कंपनीत १९८२ साली रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमाराला दोघे ऑपरेटर मशिन चालू असताना झोपलेले सापडले. त्या रात्री झोपलेले तेवढेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ती बडतर्फी धक्कादायकरीत्या जास्त मानली आणि अनुचित कामगार प्रथा ठरवली. दुसरं प्रकरण पुण्यातल्या भारत फोर्जचं. १९८३ मध्ये एक हेल्पर सकाळी ११.४० ला कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. आधी तीन वेळा गैरवर्तनाची नोंद होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम ठेवली. झोप तीच. फरक वेळेचा, परिस्थितीचा आणि मागच्या रेकॉर्डचा. म्हणून वर म्हटलं, जुनी प्रशस्तिपत्रं शोधा. आणि आपल्याबरोबर हेच करणाऱ्या इतरांना काय शिक्षा झाली तेही लिहून काढा.

शिवीगाळीच्या बाबतीत मात्र कोर्टाकडून फार माया धरू नका. वरिष्ठाला अर्वाच्य शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात २००५ मध्येच कायम झाली. आणि चोरी किंवा पैशांची अफरातफर असेल तर रक्कम लहान होती हा युक्तिवाद सहसा चालत नाही.

पैसे : काय जातं, काय जात नाही

"मिसकंडक्टमध्ये काढलं की काही मिळत नाही" हे एचआरच्या तोंडचं सगळ्यात आवडतं वाक्य. बरंचसं खोटं.

काम केलेल्या दिवसांचा पगार : वेतन संहितेप्रमाणे काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत. हे मॅनेजरलाही लागू आहे. लॅपटॉप, हत्यारं, मालाचं नुकसान म्हणून कापायचं तर ती वस्तू तुमच्या ताब्यात दिलेली असावी, नुकसान तुमच्या हलगर्जीने झालेलं असावं आणि कापण्याआधी तुम्हाला बोलू दिलेलं असावं. पैसे थकले तर तीन वर्षांच्या आत प्राधिकाऱ्याकडे दावा लावता येतो, आणि पगार दिला हे सिद्ध करणं मालकाचं काम, तुमचं नव्हे. लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या परत करताना मात्र यादी करून पोच घ्या.

शिल्लक रजेचे पैसे : कारखान्यात बडतर्फ केलं तरी द्यावे लागतात.

पीएफ : तुमचा वाटा आणि कंपनीचाही वाटा, दोन्ही तुमचेच. कुठल्याही आरोपाखाली कंपनीला त्यातला एक रुपया अडवता येत नाही. यूएएन चालू, आधार जोडलेलं आणि बाहेर पडल्याची तारीख भरलेली आहे ना, एवढं पाहा.

ग्रॅच्युइटी : खरी लढाई इथे होते. कायम नोकरीत पाच वर्षं झाली की हक्क लागतो. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. समजा वेतन २४,००० आणि नोकरी ८ वर्षं ७ महिने, तर ९ वर्षांचे १,२४,६१५ रुपये. नुसतं "गैरवर्तन" म्हणून हे जप्त करता येत नाही. नुकसान केलं असेल तर त्या नुकसानाएवढं कापता येतं. दंगा, मारामारी, हिंसा किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर काही भाग किंवा पूर्ण. कामाला सतत उशीर, गैरहजेरी, झोप, आज्ञाभंग यांत यातलं काहीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात सांगितलं की नैतिक अधःपतनासाठी फौजदारी कोर्टात दोषी ठरण्याची गरज नाही. त्याच निकालात एसटीच्या वाहकांचीही प्रकरणं होती. तिकिटाचे थोडे पैसे दडवल्याचा आरोप होता, आणि न्यायालयाने जप्ती २५ टक्क्यांवर आणली. म्हणजे जप्ती झाली तरी किती, हा प्रश्न उरतोच. अर्ज भरून द्या. पैसे ३० दिवसांत द्यायचे असतात.

जे खरंच जाऊ शकतं : घोटाळा, चोरी, तोडफोड, आवारातली मारामारी यासाठी काढलं असेल तर बोनस. आणि ईएसआयच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेतला बेकारीचा दिलासा, कारण गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नोकरी गेलेल्यांना तो मिळत नाही.

कोणत्या दारातून, किती दिवसांत

पहिलं दार लेबर ऑफिस. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, पुण्यात शिवाजीनगर, गोव्यात पणजीच्या पाट्टोवरचं श्रमशक्ती भवन, बाकी प्रत्येक जिल्ह्याचं आपलं. आधी कंपनीला मागणीपत्र द्यायचं, "बडतर्फी रद्द करून मागील पगारासह व सलग सेवेसह कामावर घ्यावे." उत्तर आलं नाही किंवा नकार आला की समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. एकट्या कामगाराच्या बडतर्फीलाही औद्योगिक विवाद मानतात. मागे युनियन नसली तरी चालतं. तिथे मिटलं नाही तर समेटाचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत स्वतःच न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मुळात हे सगळं काढल्यापासून दोन वर्षांच्या आत सुरू व्हायला हवं. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. गावचा कुणी जाणकार अजून तीन सांगत असेल तर ऐकू नका.

महाराष्ट्रात दुसरं दार आहे : अनुचित कामगार प्रथा रोखणारा १९७१ चा कायदा, ज्याला सगळे नुसतं "पल्प" म्हणतात. आकसाने, खोटा आरोप ठेवून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा किरकोळ चुकीसाठी काढलं तर ती अनुचित कामगार प्रथा. तक्रारीला मुदत ९० दिवस. दोन्ही दारांतून एकदम जाता येत नाही, आणि नव्या संहितांच्या काळात तुमच्या केसला कुठलं बरं हे वकील ठरवेल. तुम्ही मात्र कॅलेंडरवर ९० वा दिवस लाल करून ठेवा आणि साठाव्याच्या आत वकील गाठा. गोव्यात पल्प लागू नाही.

वकिलाचे पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो; स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींनाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. इतकी वर्षं हे मी सांगतोय आणि दरवेळी समोरचा म्हणतो, खरंच?

पोलीस आणि पुढची नोकरी

कंपनीने फिर्याद दिली असेल तर आधी फौजदारी वकील, मग बाकी सगळं. फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एकात सुटलो म्हणजे दुसऱ्यातून आपोआप सुटलो असं होत नाही, पण आरोप आणि पुरावे अगदी तेच असतील तर निर्दोष सुटल्याचा फायदा मिळू शकतो.

केस चालू असताना दुसरीकडे काम करायचं का? करा. घर चालवायचंय. फक्त लपवू नका. मागील पगार हवा असेल तर मधल्या काळात कमाई नव्हती हे आधी तुम्हीच शपथेवर सांगावं लागतं. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम घालून दिला. तुम्ही सांगितलंत की मग कमाई होती हे दाखवणं मालकावर येतं. म्हणून नोकरीसाठी केलेले अर्ज, नकाराचे ईमेल जपा. रिक्षा चालवली, डिलिव्हरी केली, तर तेही खरं सांगा. पोटापुरतं कमावलं म्हणून सगळा हक्क बुडत नाही. नव्या ठिकाणी विचारलं तर एका वाक्यात : "आरोप ठेवून काढलं, मी त्याला कोर्टात आव्हान दिलंय." जुन्या कंपनीकडून सेवा प्रमाणपत्र मागायला विसरू नका. कायम कामगाराला बडतर्फीनंतरही ते मिळतं, आणि त्यावर फक्त काम किती वर्षं, कुठल्या पदावर, एवढंच असलं तरी पुरे.

लेबर ऑफिसच्या पहिल्या तारखेला काय होतं तेवढं सांगतो. अकराची वेळ असते. कंपनीचा माणूस साडेबाराला येतो आणि म्हणतो, वकीलपत्र दाखल करायला वेळ हवा. पुढची तारीख पडते. रोजनाम्यावर तुमची हजेरीची सही झाली ना, ते पाहा आणि पुढची तारीख वहीत स्वतःच्या हाताने लिहून घ्या. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्सचे तीन संच न्या. आणि डबा न्या, दुपारी कँटीन बंद असतं.